आधी रस्ता, मग सायकल

सायकल घ्यायला निघालेल्या माणसाच्या तोंडी पहिला प्रश्न असतो, ‘कोणती घेऊ?’ मग गिअर किती, फ्रेम ॲल्युमिनियमची की कार्बनची, टायर जाड की बारीक, डिस्क ब्रेक हवेत का, यावर आठवडाभर खल होतो. घरातली, ऑफिसातली, सोसायटीतली जाणकार मंडळी आपापली मतं देतात. सायकल घरी येते. पहिले पंधरा दिवस माणूस गजर व्हायच्या आधीच उठतो. तिसऱ्या महिन्यात टायरमधली हवा बसते आणि कुणी पंप शोधत नाही. एवढ्या सगळ्या चर्चेत एक प्रश्न राहून गेलेला असतो: रोज जाणार कुठून?

व्यायामासाठी घेतलेली सायकल टिकते की सुटते, हे बव्हंशी रस्त्यावर ठरतं. चांगला रस्ता सापडलेला माणूस साध्या, बिनगिअरच्या सायकलवरही वर्षानुवर्षं फिरतो. रस्ता चुकला, तर लाखाची सायकलही घरात उभी राहते. म्हणून सायकल निवडण्याइतकाच, किंबहुना जास्त, विचार रस्ता निवडण्यावर व्हायला हवा.

सुरुवातीला रस्ता एकच हवा. इथे विविधतेची घाई करू नये. सवय कशी लागते याचा एक अभ्यास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केला. २००९ साली तो प्रसिद्ध झाला. एखादी गोष्ट रोज त्याच वेळी, त्याच प्रसंगाला जोडून करत राहिलं, तर ती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात, असं त्यात दिसलं. कुणाला १८ दिवस पुरले, कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. म्हणजे पहिले दोन-तीन महिने पहाटे उठून ‘आज कुठे जायचं?’ हा विचार करण्यात ताकद घालवूच नये. पाय आपोआप वळतील असा एक ठरलेला फेरा असावा.

हा फेरा केवढा असावा, याचं गणित सोपं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. बोलता येतं, पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागला की श्रम मध्यम समजावेत. आठवड्यातले पाच दिवस सायकल काढली, तर रोज पाऊण तास पुष्कळ झाला. नवशिक्या माणसाचा वेग ताशी पंधरा-सोळा किलोमीटर धरला, तर रोजची वाट बारा किलोमीटरच्या आसपास येते. पहिल्याच आठवड्यात तीस किलोमीटर मारून उरलेला महिना गुडघा धरून बसण्यापेक्षा हे बारा किलोमीटर फार मोलाचे.

रोजच्या वाटेच्या काही कसोट्या अनुभवी सायकलस्वारांच्या अंगात मुरलेल्या असतात. नव्यांना त्या कुणी सांगत नाही.

पहिली कसोटी वळणांची. आपल्याकडे वाहनं डाव्या बाजूनं चालतात. त्यामुळे फेरा असा आखावा की बहुतेक वळणं डावीकडे यावीत. उजवीकडचं प्रत्येक वळण म्हणजे समोरून येणारी आणि मागून येणारी अशा दोन्ही वाहतुकींना छेद देणं. घड्याळाच्या उलट दिशेनं मारलेला फेरा हा धोका पुष्कळ कमी करतो. दुसरी कसोटी थांब्यांची. दर पाचशे मीटरवर सिग्नल असेल, तर श्वासाची लय जमतच नाही. तिसरी कसोटी हवेची. हिवाळ्यात पहाटे थंड हवेचा थर जमिनीलगत अडकून राहतो आणि धूरही त्यातच कोंडतो. अशा वेळी हमरस्त्याऐवजी दोन गल्ल्या आतली वाट घेतली, तरी फरक पडतो.

चौथी कसोटी ऊन आणि वाऱ्याची. सकाळी पूर्वेकडे तोंड करून निघालं की सूर्य डोळ्यांवर येतो. त्याहून वाईट म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकचालकाच्याही डोळ्यांवर येतो आणि पुढची सायकल त्याला दिसत नाही. म्हणून सकाळी जाताना पश्चिमेकडे जावं आणि सूर्य वर आल्यावर परतावं. पावसाळ्यात देशावर वारा पश्चिमेकडून असतो, तेव्हाही हाच नियम कामी येतो. ताज्या दमाचे पाय वाऱ्याशी झुंजतात आणि परतताना तोच वारा पाठ ढकलतो. उलट केलं, तर जाताना भलताच हुरूप येतो, माणूस ठरवल्यापेक्षा लांब जातो आणि परतीला रडकुंडीला येतो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे समोरचा वारा हा सपाटीवरचा घाटच असतो.

पाचवी गोष्ट साधी, पण अनेकांना सायकल सोडायला लावणारी: कुत्री. ज्या गल्लीत पहाटे टोळकं अंगावर येतं, ती गल्ली वेळीच वगळावी. वगळता येत नसेल, तर पळून जायच्या नादात वेग वाढवू नये. उतरून, सायकल मध्ये आडवी धरून शांतपणे चालत जावं.

कामावर जायचा रस्ता या कसोट्यांना उतरत असेल, तर त्याच्याइतकी पक्की रोजची वाट दुसरी नाही. ब्रिटनमधल्या २,६३,४५० लोकांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१७ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात सायकलनं कामावर जाणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका ४१ टक्के कमी आढळला. तो निव्वळ सायकलचाच परिणाम, असं या प्रकारच्या अभ्यासातून छातीठोकपणे म्हणता येत नाही, कारण सायकल चालवणारे इतर बाबतींतही स्वतःची काळजी घेत असू शकतात. पण व्यायामासाठी वेगळा वेळ काढावा लागत नाही, तेव्हा तो चुकतही नाही, हे कुणीही स्वतःपुरतं पडताळून पाहू शकतो.

सवय लागली. आता त्याच वाटेची दुसरी बाजू समोर येते.

शरीर काटकसरी आहे. जे काम रोज करावं लागतं, ते कमीत कमी खर्चात कसं होईल हे ते शिकून घेतं. पहिल्या आठवड्यात ज्या चढानं धाप लागली, तो तिसऱ्या महिन्यात गप्पा मारत चढता येतो. हा आनंदाचा क्षण, आणि त्याच क्षणी त्या चढाकडून मिळणारा नवा लाभ आटायला लागलेला असतो. शिवाय सायकलचा व्यायाम कमालीचा एकसुरी आहे. मिनिटाला ८० फेरे या गतीनं तासभर पायडल मारलं, तर प्रत्येक पाय ४,८०० वेळा तीच हालचाल करतो. रस्ता सपाट आणि बसण्याची ढब एकच असेल, तर भार गुडघ्याच्या, मनगटाच्या, मानेच्या त्याच त्याच जागी पडत राहतो. चढ आला की माणूस पायडलवर उभा राहतो, मांड्यांच्या आणि कमरेखालच्या मोठ्या स्नायूंना काम मिळतं. उतारावर हात, खांदे आणि पोटाचे स्नायू सायकल सांभाळतात. रस्ता बदलला की व्यायाम बदलतो, तो असा.

याचा अर्थ रोज नवी वाट असा नाही. सहनशक्तीच्या खेळांतले अव्वल खेळाडू सराव कसा करतात, हे स्टीफन सायलर या संशोधकानं तपासलं, तेव्हा त्यांची साधारण ८० टक्के सत्रं हलक्या श्रमाचीच निघाली. जीव काढणारा सराव उरलेल्या २० टक्क्यांत. हौशी माणसाचं बहुधा उलट होतं. तो रोजच थोडा जास्त जोर लावतो, त्यामुळे हलका दिवस हलका राहत नाही आणि कठीण दिवशी पाय उठत नाहीत. आठवड्यातले तीन-चार दिवस रोजची वाट, एक दिवस चढ, एक दिवस लांबचा पल्ला, एक दिवस पूर्ण विश्रांती, ही मांडणी कामधंदा सांभाळणाऱ्या कुणालाही झेपेल.

अशी मांडणी करायला पुण्याचा भूगोल फार अनुकूल आहे. एके काळी सायकलींचं शहर म्हणून ओळखलं जाणारं हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, डोंगरांच्या कुशीत वसलंय. शहरातून बाहेर पडणारी प्रत्येक दिशा वेगळा धडा देते. दक्षिणेला कात्रज. स्वारगेटहून जुन्या बोगद्यापर्यंत दहा-बारा किलोमीटर. वाट आधी हळूहळू चढते, मग घाट सुरू होतो. पुण्यात सायकल शिकणाऱ्याची पहिली खरी परीक्षा बहुतेकदा इथेच होते. चढ फार तीव्र नाही, पण कुठे सोडतही नाही. एका लयीत, बसल्या जागी, गिअर न चुकता चढायला शिकवणारा हा घाट.

नैर्ऋत्येला खडकवासला. धरणाच्या भिंतीपर्यंत सतरा-अठरा किलोमीटर, चढ नावापुरता. पुढे पानशेतकडे जाणारा रस्ता पाण्याच्या कडेनं वर-खाली होत जातो. तिथे पायडल एकसारखं मारून भागत नाही, दर दोन-तीन मिनिटांनी गिअर बदलावा लागतो. डोणज्याच्या बाजूनं सिंहगड गाठायचा म्हटलं, की गाठ वेगळ्याच घाटाशी पडते. पायथ्याच्या नाक्यापासून वाहनतळापर्यंत सुमारे नऊ किलोमीटर, सरासरी चढ सात टक्क्यांच्या आसपास. म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की सात मीटर वर. काही वळणं याहून कितीतरी उभी आहेत. कात्रज न थांबता चढायला लागल्याशिवाय सिंहगडाला हात घालू नये. रविवारी उजाडल्यावर तर नाहीच, कारण तेव्हा अरुंद रस्त्यावर मोटारींची रांग लागलेली असते. पावसाळ्यात दरडींचीही भीती असते.

आग्नेयेला मात्र पुण्याची खरी मौज आहे. कोंढव्याकडून बोपदेव घाट चढायचा, सासवडला चहा घ्यायचा आणि दिवे घाटानं उतरून वडकी, हडपसर करत घरी यायचं. सगळा फेरा साठेक किलोमीटरचा. दिवे घाट उतरताना खाली मस्तानी तलाव दिसतो. आषाढी वारीत ज्ञानोबांची पालखी हाच घाट चढून एका दिवसात पुण्याहून सासवडला पोचते. ज्या चढावर वारकरी टाळ-मृदंगासह चालत जातात, तिथे उलट दिशेनं चढताना आपण बारीक गिअर टाकून कण्हत चाललोय, या जाणिवेनं भल्याभल्यांच्या पायात बळ येतं. हाच फेरा उलटा मारला, दिवे चढून बोपदेव उतरलं, तर रस्ता तोच राहूनही सगळा नवा होतो: चढाचा उतार होतो, वारा वेगळ्या बाजूनं लागतो, आधी पाठीमागे राहिलेले डोंगर समोर येतात.

बदल म्हणजे नवा रस्ताच, असं मानायचं कारण नाही, ते यासाठीच. ज्याच्याजवळ एकच वाट आहे त्यानं ती उलट दिशेनं करावी. एखाद्या दिवशी वेगाचा विचार सोडून हलक्या गिअरवर मिनिटाला नव्वद फेरे राखावेत. एखाद्या दिवशी चार मिनिटं जोरात, चार मिनिटं संथ, असं पाच वेळा करावं. महिन्यातून एकदा संध्याकाळी निघावं. मुंबईतले सायकलस्वार पहाटेच्या मोकळ्या वेळेत उड्डाणपुलाचाच घाट करतात, तोच पूल आठ-दहा वेळा चढून उतरतात. मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या सपाट मुलखात समोरचा वारा चढाचं काम करतो. आणि आठवड्यातले दोन दिवस तरी सायकलच्या जोडीला बैठका, जोर, वजनं किंवा जिने चढणं करावंच. सायकलवर शरीराचा भार सीट घेते, हाडांना तो मिळत नाही. हाडं बळकट राहायची, तर पायांना जमिनीवरचं काम द्यावं लागतं. स्नायूंच्या ताकदीचे आठवड्यातले दोन दिवस जागतिक आरोग्य संघटनेनंही सांगितलेच आहेत.

जवळपास प्रत्येक मराठी गावाला अशी एखादी वाट मिळालेली आहे. कोल्हापूरकरांना वीसेक किलोमीटरवर पन्हाळा आहे. सातारकरांच्या दारातच यवतेश्वरचा घाट सुरू होतो आणि कासच्या पठारावर नेतो. छत्रपती संभाजीनगरहून दौलताबाद रोजच्या आटोक्यात आहे, रविवारी पुढे घाट चढून खुलताबाद, वेरूळ. ठाणेकरांना येऊरचा चढ, नवी मुंबईकरांना पाम बीच रस्त्याची सपाटी आणि खारघरची टेकडी. गोव्यात जुन्या गोव्याजवळून फेरीबोटीनं दिवाडी बेटावर उतरलं, की खाजन शेतांमधून जाणारी शांत, सपाट वाट मिळते. आणि नाशिककरांना त्र्यंबकेश्वर, गंगापूर धरण, कसारा. नाशिकचे डॉक्टर बंधू हितेंद्र आणि महेंद्र महाजन यांनी २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सुमारे ४,८०० किलोमीटरची शर्यत नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. ती पूर्ण करणारा तो पहिला भारतीय संघ. पूर्णवेळ व्यवसाय सांभाळणाऱ्या दोन डॉक्टरांनी हे करून दाखवलं, त्यामुळे ‘वेळच मिळत नाही’ म्हणणाऱ्यांना नाशिकमध्ये तरी दोनदा विचार करावा लागतो.

लांब पल्ल्याची ओढ लागलेल्यांसाठी ब्रेवे हा उत्तम मार्ग आहे. ही शर्यत नव्हे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ३०० वीस तासांत, ४०० सत्तावीस तासांत आणि ६०० चाळीस तासांत पूर्ण करायचे, एवढीच अट. पहिला-दुसरा नंबर नाही. ठरलेल्या ठिकाणी नोंद करत पुढे जायचं, पंक्चर आपलं आपण काढायचं. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांतून असे ब्रेवे होतात. त्यांचा मोठा फायदा असा की एकट्यानं कधी न धुंडाळलेले रस्ते, अनुभवी माणसांनी निवडलेले, आयते समोर येतात.

आता मुद्दा नागरिकाच्या हाताबाहेरचा. रस्ता निवडा म्हणणं सोपं आहे, पण निवडायला रस्ता असावा लागतो. बायकांना विचारलं की हे लगेच कळतं. पहाटे साडेपाचला दिवे बंद असलेला रस्ता पुरुषासाठी गैरसोयीचा असतो, बाईसाठी तो बंदच असतो. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीनं विशीत, २०१८ मध्ये, सुमारे २९,००० किलोमीटरची पृथ्वीप्रदक्षिणा १५९ दिवसांत पूर्ण केली. पुण्याच्याच प्रीती मस्के यांनी २०२२ मध्ये लेह ते मनाली हे अंतर ५५ तास १३ मिनिटांत पार केलं. क्षमतेचा प्रश्न कधीच नव्हता. तरीही शहरातल्या असंख्य मुली आणि गृहिणी सोबत मिळाली तरच सायकल काढतात, आणि सोबत नाही म्हणून घरी राहतात. त्यांचा व्यायाम महापालिकेच्या एका बंद दिव्यापाशी अडतो.

पुणे महापालिकेच्या सर्वसाधारण सभेनं डिसेंबर २०१७ मध्ये सर्वंकष सायकल आराखडा मंजूर केला. प्रत्यक्षात आज शहरातले सायकलमार्ग मध्येच सुरू होतात आणि मध्येच संपतात. कुठे त्यांवर दुचाकी उभ्या असतात, कुठे टपऱ्या, कुठे उखडलेले ब्लॉक. दोनशे मीटरवर तुटणारा सायकलमार्ग व्यायामाच्या काहीच कामाचा नाही, लय धरेपर्यंत तो संपलेला असतो. जानेवारी २०२६ मधल्या ‘पुणे ग्रँड टूर’ या आंतरराष्ट्रीय शर्यतीसाठी जिल्ह्यातल्या ४३७ किलोमीटरच्या मार्गावर रस्त्यांची कामं झाली. म्हणजे मनावर घेतलं की रस्ते होतात. ती तत्परता चार दिवसांच्या पाहुण्यांना मिळाली, ती रोज पहाटे निघणाऱ्या पुणेकरांनाही मिळायला हवी.

खर्च फार नाही. कोलंबियाची राजधानी बोगोटा १९७४ पासून रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सात ते दुपारी दोनपर्यंत रस्ते मोटारींना बंद करते. आज ही लांबी १२० किलोमीटरहून जास्त आहे. त्यासाठी नवे रस्ते बांधावे लागले नाहीत, असलेल्याच रस्त्यांवर अडथळे आणि स्वयंसेवक उभे राहिले. हैदराबादनं २०२३ मध्ये बाह्यवळण रस्त्यालगत सौर छपराखालचा २३ किलोमीटरचा सायकलमार्ग खुला केला. मुंबई पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये रविवारी सकाळी काही रस्ते मोकळे सोडायला सुरुवात केली, तेव्हा मरीन ड्राइव्हवर लहान मुलांपासून आजोबांपर्यंत सगळे उतरले होते. ‘सायकल चालवतंय कोण?’ असं विचारणाऱ्यांनी ती गर्दी आठवावी.

तेव्हा मागणी नेमकी करावी. राज्यातल्या प्रत्येक महापालिकेनं शहरात दहा-बारा किलोमीटरचा एक अखंड फेरा जाहीर करावा. शक्यतो डावीकडे वळणारा, कमीत कमी सिग्नलचा. तो रोज पहाटे पाचच्या आत झाडला जावा आणि त्यावरचे दिवे पूर्ण उजाडेपर्यंत चालू राहावेत. रविवारी साडेपाच ते आठ या वेळात त्यावर मोटारी नकोत. गावाबाहेरच्या लोकप्रिय घाटरस्त्यांच्या कडेची खडी आणि माती पावसाळ्यानंतर उचलली जावी, कारण उतारावर सायकल घसरते ती बहुतेक तिच्यावरच. एवढं झालं, तर बदलाची हौस नागरिक आपली आपण भागवतील.

मग सायकलच्या दुकानातला संवादही बदलेल. गिऱ्हाईक ‘कोणती घेऊ?’ म्हणालं, की दुकानदार आधी विचारेल, ‘रोज जाणार कुठून?’ पाम बीचची सपाटी असेल, तर तो साधी एक गिअरची सायकल काढेल आणि पैसे वाचवून देईल. कात्रज, सिंहगड म्हटलं, तर मागच्या चकतीचे दात मोजून दाखवेल, चढाला बत्तीस तरी लागतील म्हणेल. कच्च्या, खडीच्या वाटेसाठी जाड टायर लावेल. आणि गिऱ्हाईक ‘अजून ठरवलं नाही’ म्हणालं, तर कुणाची तरी जुनी सायकल घेऊन आठवडाभर घराभोवतीचे तीन-चार रस्ते पहाटे फिरून या, मग पैसे काढा, असं सांगून त्याला परत पाठवेल.